माझी चेन कधीच पडली नाही

मी आश्रुबाची सायकल बोलतेय. सायकल कुठं बोलते का, असं विचारू नका. ज्यांना तोंड दिलंय ती माणसं गप बसली, म्हणून मला बोलावं लागतंय.

आमचं गाव बीडपासून जवळच, पालीच्या धरणाच्या अंगाला. नाव सांगत नाही. सांगितलं की लोक म्हणणार, आमच्या गावात असलं काही नव्हतंच. म्हणून नाव राहू द्या.

मी जुन्या घडणीची. उंच, काळी, मधे दांडी असलेली. पुढे डायनामोचा दिवा, मागे रुंद कॅरेज, आणि सगळी चेन आत घेणारं लोखंडी कव्हर. चेनची एक कडीसुद्धा बाहेरून दिसत नाही. हे कव्हर ध्यानात ठेवा. कारण पुढं मला जी शिवी मिळाली ती त्या कव्हरातल्या चेनवरून मिळाली.

आश्रुबा बीडच्या एका हायस्कुलात शिपाई लागला तेव्हा त्याने मला घेतलं. गावातल्या बौद्ध वस्तीत आलेली पहिली सायकल मीच. सगळी वस्ती गोळा झाली. कुणी सीट दाबून बघतंय, कुणी चाक फिरवतंय. आश्रुबाची नवी नवरी मालनबाई दारातून ओरडली, "आरं, हात किती लावता! रंग जाईल की तिचा!" आणि सगळे गेल्यावर तिनेच गुपचूप घंटी वाजवून बघितली. एकदा. मग पुन्हा एकदा.

पहिल्या दिवशी आश्रुबाने खाकी कपड्यांना तांब्यात निखारे घालून इस्त्री केली. कॅरेजला डबा लावला, पँटीला चिमटा लावला आणि आम्ही निघालो. वस्तीतून डांबरी रस्त्याला जायला एकच वाट, आणि ती चावडीवरून. चावडीच्या ओट्यावर तात्याबा खुर्ची टाकून बसलेले असायचे. गावातली निम्मी जमीन त्यांची, आणि उरलेल्या निम्म्याचे मालक त्यांच्या पायाशी बसलेले.

आश्रुबाने घंटी वाजवली. हौसच ती. आम्ही ओट्यासमोर आलो तसे तात्याबा म्हणाले, "आश्र्या, लई घाईत हाईस का रं?"

एवढंच. आवाजही चढवला नाही.

ओट्यावरचा एकजण म्हणाला, "सायबाचे पाय भुईला लागंनात आता." बाकीचे हसले.

आश्रुबाने ब्रेक दाबला. तो उतरला. "न्हाई जी मालक," म्हणाला आणि मला हाताने ढकलत पुढे गेला. त्याच्या तळहातांना सुटलेला घाम मला मुठींवर कळला. देवळाच्या पुढं वळण आहे. ते ओलांडल्यावरच तो पुन्हा माझ्यावर बसला.

दुसऱ्या दिवशी तात्याबांना विचारावं लागलं नाही. चावडी दिसायच्या आधीच आश्रुबा उतरला. तिसऱ्या दिवशीही. नंतर मोजायचं काय राहिलं? सकाळी जाताना उतरायचं, संध्याकाळी येताना उतरायचं. मान खाली, मी हातात. कुणी मारलं नाही, कुणी कागद लिहून दिला नाही. एक प्रश्न विचारला, आणि त्याचं उत्तर तो नोकरीभर पायाने देत राहिला.

चालवायची म्हणून घडवलेली वस्तू मी. आणि दावं धरून नेलेल्या म्हशीसारखी रोज त्या ओट्यासमोरून जायची. मला लाज वाटायची. मी लोखंडाची, मला मान नाही. पण मान खाली घालणं कशाला म्हणतात ते मला तिथं समजलं.

मग एक दिवस मालनबाई दळण घेऊन गिरणीला आलेली. गिरणी चावडीच्या बाजूलाच. तिने नवऱ्याला बघितलं. रात्री भाकरी वाढताना तिने विचारलं, "अवो, सायकल असून चालत कावून चाललते?"

आश्रुबाचा घास हातातच राहिला. "चेन पडलीती."

"मंग बसवायची की."

"बसवली ना, म्होरं जाऊन."

मालनबाईने त्याच्या बोटांकडे बघितलं. बोटं स्वच्छ होती. तिने दुसरी भाकरी वाढली. पण तिने बघितलंय हे त्याने बघितलं.

दुसऱ्या दिवसापासून देवळाच्या वळणावर आश्रुबा खाली वाकायचा. माझ्या पायडलच्या मुळाशी काळं ग्रीस साचतं, तिथं बोट फिरवायचा आणि ते सगळ्या बोटांना चोळायचा. संध्याकाळी मालनबाई चुलीतली राख घेऊन त्याची बोटं घासायची आणि मला शिव्या घालायची. "मुडदा बशिवला हिच्या चेनचा! एवढा रस्ता सोडून नेमकी चावडीपाशी कशी पडती ही भवानी!"

आश्रुबा तिला खरं का सांगत नव्हता? सांगते. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत निळा झेंडा धरून सगळ्यांच्या पुढे कोण असायचं? आश्रुबा. घोषणा देऊन देऊन घसा बसायचा त्याचा. मालनबाई बायकांना कोपर मारून सांगायची, "आमचे ह्ये बघा, म्होरंच असत्यात." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोच माणूस चावडीपाशी खाली उतरायचा. कोणत्या तोंडाने सांगणार होता तो? म्हणून त्याने ते माझ्यावर घातलं. मी घेतलं. कॅरेजवर पोती घेतली, पोरगं घेतलं, तसं हेही घेतलं.

मग तात्याबा गेले. गाव गेलं मयतीला. ओट्यावरची खुर्ची घरच्यांनी आत नेली. ओटा मोकळा पडला आणि तिथं कुत्री झोपायला लागली.

मला वाटलं, सुटलो.

आश्रुबा चावडीपाशी आला. उतरला. ओट्यावर एक लूत भरलेलं कुत्रं होतं, त्याने एक डोळा उघडून आमच्याकडे बघितलं. कुत्र्यासमोर उतरला हो माझा मालक! त्या दिवशी मला जेवढी लाज वाटली तेवढी तात्याबांसमोर कधी वाटली नव्हती.

पुढं त्याच रस्त्याने वस्तीतली पोरं तिघं-तिघं एका मोटारसायकलवर बसून भोंगे वाजवत जायला लागली. त्यांना कुणी हटकलं नाही. आश्रुबा त्यांना वाट द्यायला मला कडेला घ्यायचा, आणि चालत राहायचा. रिटायर होईपर्यंत हेच.

रिटायर झाल्यावर त्याने मला गोठ्यात नेऊन टेकवलं. माझ्या हँडलवर कोंबड्या बसायच्या, चाकाला शेळी बांधायचे. टायर फाटले, आऱ्या गंजल्या. कोंबड्यांनी काय केलं ते सांगत नाही, तुम्हाला जेवायचं असेल. पण एक सांगते, गोठ्यात मला बरं वाटत होतं. तिथून चावडी दिसत नव्हती.

मला बाहेर काढलं ते पौर्णिमाने. आश्रुबाची सून. तिचा नवरा सुरज पुण्याला कंपनीत. ती बीडला एका लॅबमध्ये रक्त काढायच्या कामाला. रोज काळीपिवळीने जायची. काळीपिवळीवाला जीप कोंबून भरल्याशिवाय हलायचा नाही आणि लॅबची मॅडम म्हणायची, "आलात का? पेशंट उपाशी बसलेत तुमच्यासाठी." एक दिवस पौर्णिमा तणतणत घरी आली आणि थेट गोठ्यात.

"मामा, ही चालंल का?"

आश्रुबा चपापला. "कशाची चालती, लेकी. ऱ्हाऊ दे."

मालनबाई म्हणाली, "नको गं बाई तिच्या नादी लागू. चावडीपाशी हमखास दगा देती ती. जन्म गेला माझा यांची बोटं घासण्यात."

पौर्णिमा हट्टाची. मला टेम्पोत टाकून बीडला जिलानी मिस्त्रीकडे नेलं. जिलानीभाईने माझे सगळे सांधे मोकळे केले, रॉकेलमध्ये भिजवले, पॉलिश पेपरने गंज काढला. काळा रंग दिला, त्यावर सोनेरी रेघा ओढल्या, नवे टायर चढवले. मला आरशासारखं लख्ख केलं.

पौर्णिमा म्हणाली, "चाचा, हिची चेन तेवढी बघा. लई पडती म्हणत्यात."

जिलानीभाई हसला. "किसने बोला, बेटी? ह्यो कव्हर बघ. माझ्याआधी याचे स्क्रू कोणी खोललेच न्हाईत, कंपनीचा रंग तसाच होता खाचेत. चेन पडली असती तर कव्हर काढल्याबिगर बसली असती का?"

पौर्णिमा त्या कव्हराकडे बघत राहिली. मला वाटलं, आता घरी जाऊन विचारणार. तिने विचारलं नाही.

नव्याने चालायला लागले तेव्हा चावडी जवळ येताच मी आपोआप आकसले. सवय. पौर्णिमाने घंटी दाबली, ओट्यावरचं कुत्रं दचकून उठलं, आणि आम्ही देवळाच्या वळणाच्या पार पुढे! पंजाबी ड्रेसची ओढणी तिने कमरेला आवळलेली, आणि वेग असा की डबा उडत होता. मला खोटं बोलता येत नाही, मला लई आनंद झाला.

संध्याकाळी मालनबाईने विचारलं, "पडली का गं?"

"न्हाई आत्या."

दुसऱ्या दिवशी, "आज तरी पडली आसंल?"

"न्हाई आत्या."

हा सवाल निघाला की आश्रुबा उठायचा आणि शेळीला पाणी पाजायला जायचा. ती शेळी एवढं पाणी पिऊन मेली कशी नाही, देव जाणे.

आता रामप्रसादचं सांगते. तात्याबांचा नातू. बीडला त्याचं खता-बियाण्यांचं मोठं दुकान. जुन्या सायकली शोधून, नव्यासारख्या करून चालवायचा त्याला नाद. त्याच्यासारखे आणखी होते, कुणी बँकेतले, कुणी कॉलेजात शिकवणारे. दर सोमवारी सगळे आपापल्या जुन्या सायकलवर कामाला जायचे. रस्त्यात त्याने मला बघितलं आणि थांबलाच. "वहिनी, ओरिजनल पीस आहे हो हा! जपा हिला." पौर्णिमाचं टायर पंक्चर झालं तेव्हा त्याने स्वतः गुडघ्यावर बसून काढून दिलं. माणूस वाईट नाही. तेच तर अवघड आहे.

एक दिवस तो आमच्या घरी आला. तात्याबांच्या घरातलं कुणी आमच्या वस्तीत मतं मागायला यायचं सोडलं तर कधी आलेलं मला आठवत नाही. तो उंबऱ्यात आला तसा आश्रुबा स्वतःच्या घरात बाजेवरून उठून उभा राहिला. पौर्णिमाने ते बघितलं.

"बसा ना, आश्रुबा काका." रामप्रसादने पिशवीतून एक जुना फोटो काढला. त्याच्या बापाच्या लग्नात बीडचा फोटोवाला आला होता, तेव्हा काढलेला. ओट्यावर खुर्चीत तात्याबा, आणि खाली मला हातात धरून उभा असलेला आश्रुबा. मान खाली.

"काका, आमच्या ग्रुपची फेरी या सोमवारी गावातून सुरू करायचीय. हाच फोटो पुन्हा काढू. तीच चावडी, आज्याची तीच खुर्ची, मी बसतो, तुम्ही सायकल धरून उभे राहा. मोठा करून लावायचा. काय मान होता बघा माणसाला माणसाचा त्या काळी!"

मालनबाईने फोटो हातात घेतला आणि खळखळून हसली. "घ्या! फोटोतबी चेन पडलेलीच हिची!"

कुणीच हसलं नाही. पौर्णिमा फोटो निरखत होती. फोटोत माझं कव्हर घट्ट बंद होतं, आणि आश्रुबाचा एकही हात चेनजवळ नव्हता.

"येतो की," आश्रुबा म्हणाला. विचार न करता. जसा ब्रेक दाबायचा तसा.

रामप्रसाद गेल्यावर पौर्णिमा मला फडक्याने पुसत बसली. आश्रुबा जवळ येऊन उभा राहिला.

"मामा, नका जाऊ."

"कावून? पोरगं घरी आलं. इज्जतीनं बोललं."

"मंग सायकलवर बसून फोटो काढा म्हणावं."

आश्रुबाने माझ्या सीटवर हात ठेवला. मग म्हणाला, "मला बसता येतंय का आता."

तिला कळलंय हे त्याला कळलं होतं. पण दोघांनी ते तिथंच माझ्या सीटवर ठेवलं आणि आत गेले.

सोमवारी सकाळी चावडीपुढं जत्रा. हिरव्या, काळ्या, निळ्या, सगळ्या माझ्या वयाच्या सायकली चकचकीत होऊन उभ्या. खुर्चीलाही पॉलिश केलेलं. रामप्रसाद फेटा बांधून खुर्चीत बसला. वस्ती बघायला आलेली, मालनबाई ठेवणीतलं लुगडं नेसून पुढेच उभी. आश्रुबाने पांढरा सदरा घातलेला. त्याने मला धरलं. त्याच्या तळहातांना तोच घाम.

फोटो काढणारा म्हणाला, "काका, त्या फोटोत तुम्ही खाली बघताय. जरा मान खाली घ्या... आणखी थोडी..."

आश्रुबाने मान खाली घातली. त्याला सराव होता.

"वा! अगदी सेम!"

मागून मालनबाईने आवाज दिला, "अवो, चेन बघा तेवढी! तिथंच पडत असती!" आता मात्र सगळे हसले. रामप्रसादही हसला.

आणि आश्रुबा वाकला. त्याचा हात माझ्या पायडलच्या मुळाशी आला. बोट फिरलं. नवं ग्रीस काळं नव्हतं, तरी तो ते बोटांना चोळायला लागला.

पौर्णिमा गर्दीतून पुढे आली. त्याच्याजवळ बसली आणि हळूच म्हणाली, "मामा, नका बोटं काळी करू."

त्याचा हात थांबला. मला वाटलं, हा आता रडणार. तो रडला नाही. माझ्या दांडीला धरून उभा राहिला आणि म्हणाला, "हिची चेन कधीच पडली न्हाई."

"काय म्हणालात, काका?" रामप्रसादने खुर्चीतूनच विचारलं.

"चेन पडली न्हाई हिची. कवाच. तुझा आजा इथं बसायचा म्हून मी उतरायचो. घरी सांगायचो चेन पडली." मग थांबून, "त्यो मेल्यावरबी उतरलो."

फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला. रामप्रसाद खुर्चीतून उठला. पण उठून काय करायचं ते त्याला कळेना. "काका, मला वाटलं... मान म्हणून..."

"तुला कोण सांगणार? मी माझ्या बायकूला न्हाई सांगितलं."

मी मालनबाईकडे बघितलं. तिचं तोंड उघडंच राहिलं होतं. हसणं कुठं तरी अर्ध्यात अडकलेलं.

आश्रुबाने मला ओट्यासमोरच वळवलं आणि पाय टाकला. दांडी उंच. गुडघा वर येईना. पुन्हा टाकला. रामप्रसाद धरायला धावला तसा आश्रुबाने हाताने त्याला थांबवलं. तिसऱ्यांदा पाय सीटला घासून खाली आला, आणि तो धापा टाकत माझ्यावर ओणवा झाला. बसता येत होतं तेव्हा तो उतरला. आता बसायचं होतं, तर पाय म्हातारे झालेले.

पौर्णिमाने हँडल घेतलं. "मामा, मागं बसा."

तो कॅरेजवर बसला. ती चढली. दोघांचं ओझं घेऊन मी ओट्यासमोरून, खुर्चीसमोरून, सगळ्यांसमोरून निघाले. पहिले दोन झोके खाल्ले, मग सरळ झाले. मागे सायकलवाल्यांतल्या कुणी तरी टाळ्या वाजवायला लागलं.

पौर्णिमा मान वळवून ओरडली, "वाजवू नका! टाळ्या कशाच्या वाजवताय?"

टाळ्या बंद झाल्या. मागे आश्रुबाने गळ्यातला रुमाल तोंडावर घेतला होता. देवळाचं वळण गेलं तरी त्याने तो काढला नाही.

मालनबाई घरी आली ती चालत, सगळ्यांच्या मागून. आश्रुबा बाजेवर बसलेला. ती त्याच्यासमोर उभी राहिली. त्याचा हात उचलून तिने बोटं बघितली. थोडं ग्रीस लागलेलं होतंच.

"मला सांगितलं असतं," ती म्हणाली, "तर मी त्या ओट्यावर दगूड घातला आस्ता. न्हाईतर तुमच्या संगं चालत आले आस्ते. काय तर एक केलं आस्तं. राख घासत नुसती नसते बसले."

आश्रुबा ती बोटं सदऱ्याला पुसायला गेला.

"आता तुमची तुमी घासा," म्हणाली आणि त्याचा हात सोडून आत गेली. चार दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी बोलली, ते शेळीवरून भांडायला.

तो फोटो कुठं लागला नाही. रामप्रसाद रस्त्यात भेटला की सायकलवरून उतरतो आणि पौर्णिमाला काही तरी सांगायला बघतो. ती थांबत नाही, नुसती मान हलवते. खुर्चीचं काय झालं मला माहीत नाही. ओट्यावर कुत्री पुन्हा आली.

मी रोज बीडला जाते. लोक बाजारात थांबून माझं कौतुक करतात, सोनेरी रेघांवरून बोट फिरवतात. मी काय बोलणार? परवा मी चावडीच्या बाजूला उभी होते, पौर्णिमा गिरणीत गेलेली. आश्रुबा दुकानातून चहापत्ती घेऊन घरी चालला होता, पायी. ओटा आला तशी त्याची मान खाली गेली. आणि त्याचा उजवा हात अंगापासून थोडा बाहेर आला, मूठ अर्धी वळलेली. मुठीत हँडल असल्यासारखी. मी तर इकडे उभी होते.

माझा गंज काढला जिलानीभाईने. तो हात कुणाच्याने सरळ होणार आहे?

तुम्ही जुन्या सायकली दुरुस्त करता, कामाला नेता, फोटो काढता. खुशाल काढा. आम्हाला चालती ठेवा, नुसती स्टँडवर उभी करून हार घालू नका. आणि एक मागणं आहे. धडधाकट माणूस चांगली सायकल हातात धरून चालताना दिसला आणि म्हणाला की चेन पडली, तर नुसते हसून पुढे जाऊ नका. जरा खाली वाका आणि चेन बघा. माझ्या कव्हराकडे तेव्हा एकाने जरी वाकून बघितलं असतं ना, तर मालनबाईची राख वाचली असती.